काळ्या दगडाच्या मुलखातला चुनखडक

पेण तालुक्यात चुनखडकाची खाण नाही. रोह्यात नाही, अलिबागला नाही, मुरुडलाही नाही. सगळा रायगड जिल्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणावर उभा आहे. पेणजवळच्या सांकशी गडावरची टाकी याच पाषाणात खोदलेली, रोह्याजवळच्या अवचितगडाचा तटही त्याचाच. महाराष्ट्रात बांधकामाच्या किंवा सिमेंटच्या लायकीचा चुनखडक हवा असेल तर थेट यवतमाळ-चंद्रपूरकडे, वणी-राजुरा-कोरपन्याच्या पट्ट्यात जावं लागतं. राज्यातले मोठे सिमेंट कारखाने तिकडे एकवटले आहेत ते याच कारणानं.

आणि तरीही पेणमधलं एकही घर चुनखडकावाचून उभं नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा कडप्पा हा चुनखडक आहे. पडवीतली शहाबादी फरशी चुनखडकाची, जिन्याला बसवलेला कोटाही चुनखडकच. स्लॅबमधलं सिमेंट चुनखडक भाजून झालेलं, आणि जुन्या देवळाच्या गाभाऱ्यावरचा गिलावा त्याच द्रव्याचा, फक्त तो डोंगरातून न येता समुद्रातून आलेला. घर बांधायला काढलेली माणसं विचारतात, चुनखडक बांधकामाला चांगला का? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा गवंडी असो वा इंजिनिअर, त्याच्यावर विसंबू नये. तो दगड कुठला, किती पाणी पितो, कुठे बसणार आणि शेजारी कोण असणार, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. कोकणात तर नाहीच नाही.

ओट्यापासून सुरुवात करू, कारण चुनखडकाची पहिली परीक्षा तिथे रोज होते. घासून चकचकीत केलेल्या काळ्या कडप्प्यावर आगळाचे चार थेंब सांडले आणि कुणी पुसायचं विसरलं, तर सकाळी तिथे राखाडी, निस्तेज डाग दिसतो. कितीही घासला तरी तो जात नाही, कारण तो डाग नसून झीज असते. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपानं निघून जातो. कोकम, लिंबू, चिंच, ताक, सगळ्यांचा परिणाम तोच, कमीजास्त इतकंच. ग्रॅनाइटवर हे होत नाही, आपल्या काळ्या पाषाणावरही होत नाही. भूशास्त्राचा विद्यार्थी खडकावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का बघतो, ती हीच परीक्षा. फेस भराभर आला तर चुनखडक. दगडाची भुकटी केल्यावरच मंदपणे आला तर त्यात मॅग्नेशियम जास्त, म्हणजे डोलोमाइटकडे झुकणारा खडक. ओट्यासाठी चुनखडक घेऊच नये असं मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या कडप्प्यावर स्वयंपाक झाला आहे आणि तो स्वस्त, सपाट, भक्कम दगड आहे. आम्लाशी त्याचं जमत नाही, हे जाणून घ्यावा एवढंच.

फरशीचा प्रश्न आम्लाचा नाही, पाण्याचा आणि मिठाचा आहे. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडक इतका सपाट थरांचा आहे की छिन्नीच्या टोल्यानं त्याच्या लाद्या सुटतात. त्याच पट्ट्यावर वाडीसारखे सिमेंटचे मोठे कारखानेही चालतात. लाद्या सुटणं हाच त्याचा गुण आणि कोकणात तोच त्याचा दोष. पेण-अलिबागच्या खारेपाटात, जिथे जमिनीतच मीठ आहे, तिथे जोत्यात ओल रोखण्याची सोय केलेली नसेल तर खारं पाणी खालून फरशीत चढतं. पावसाळा सरल्यावर पाणी उडून जातं, मीठ थरांच्या फटींत स्फटिक होऊन बसतं आणि फटी रुंदावतं. चार-पाच वर्षांत फरशीचे पापुद्रे सुटू लागतात. लोक म्हणतात फरशी वाईट निघाली. फरशीचा दोष कमी, ती जिथे आणि जशी बसवली त्याचा जास्त.

यासाठी एक तपासणी कुणालाही घरी करता येते. भारतीय मानकांत तिची रीतसर पद्धत आहे, आयएस ११२४ या क्रमांकाखाली, पण तिचं मर्म साधं आहे. दगडाचा किलोभराचा तुकडा पूर्ण वाळवून वजन करा. २४ तास पाण्यात बुडवा, फडक्यानं पुसा, पुन्हा वजन करा. १० ग्रॅम वाढले तर दगडानं एक टक्का पाणी प्यायलं. ५०-६० ग्रॅम वाढले तर तो दगड कितीही देखणा असो, खाऱ्या ओलीच्या जागी बसवू नका. प्रयोगशाळेत याच्या पुढची पायरी असते. दगड सोडियम सल्फेटच्या द्रावणात बुडवतात, वाळवतात, पुन्हा बुडवतात, आणि किती आवर्तनांनंतर तो ढासळतो ते पाहतात. खारेपाटात तीच परीक्षा निसर्ग दर वर्षी घेतो. दगड किती भार पेलतो हे तपासायला लोक धावतात, पण एक-दोन मजली घराच्या भिंतीत बहुतेक दगडांची ताकद गरजेपेक्षा किती तरी जास्त असते. कोकणात दगड मरतो तो पाण्यानं आणि मिठानं.

मुंबईनं हा धडा मोठ्या प्रमाणावर घेतला. एकोणिसाव्या शतकात फोर्टात भव्य इमारती उठल्या तेव्हा भिंतींसाठी कुर्ल्याचा, मालाडचा दगड जवळ होता. पण कोरीवकामासाठी पोरबंदरचा फिका पिवळसर चुनखडक जहाजांनी आणला गेला. हा दगड समुद्रकाठच्या शंखशिंपल्यांच्या बारीक कणांचा, कोरायला मऊ, कारागिराच्या छिन्नीला मान देणारा. मऊपणा म्हणजे सच्छिद्रपणा. पुढे शहराच्या धुरातली आम्लं, खारी हवा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांनी अनेक ठिकाणी त्या नक्षीच्या कडा बोथट केल्या, पापुद्रे काढले. त्याच पोरबंदरच्या चुनखडकावर १९१४ साली भारतातला सिमेंटचा पहिला यशस्वी कारखाना सुरू झाला. एकच खडक नक्षीला नाजूक ठरला आणि भाजून दळल्यावर आधुनिक बांधकामाचा पाया ठरला.

भाजणं हाच चुनखडकाचा खरा पुनर्जन्म. शंभर किलो शुद्ध चुनखडक सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि ५६ किलो चुनकळी उरते. तिच्यावर पाणी टाकलं की ती खदखदते, फुटते, वाफा सोडते आणि विरून पांढरी पूड किंवा लगदा होते. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतला तोच वायू सावकाश परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे गवंडी भिंतीत कालवलेला चुना भरतो आणि काही महिन्यांनी तिथे चुनखडक तयार होतो, हव्या त्या आकाराचा. ज्या मुलखात चुनखडकाचा डोंगर नाही, तिथे तो असा घडवला गेला.

कोकणात त्याचा कच्चा माल समुद्रानं पुरवला. शिवल्या, तिसऱ्या, कालवं यांची टरफलं म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. खाडीकाठी ती गोळा करून, लाकूड-कोळशाच्या थरांत रचून भट्टीत भाजत. उरणपासून खाली कोकण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेजवळ वाळू आणि शिंपल्यांचा भुगा नैसर्गिक चुन्यानंच सांधला जाऊन झालेला एक तरुण खडकही सापडतो. स्थानिक लोक त्याला करळ म्हणतात. तो खारट, पोकळ आणि पातळ थराचा असतो. माझ्या मते कुंपणाच्या भिंतीपलीकडे त्याचा भरवसा धरू नये, आणि किनाऱ्याची धूप अडवणारा म्हणून तो जागीच राहू द्यावा.

शिंपल्यांच्या चुन्यात एक अडचण होती आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. तो फार शुद्ध होता. शुद्ध चुना हवेवर घट्ट होतो, पाण्यात नाही. हातभर जाडीच्या भिंतीत ठीक, पण आठ-दहा हात रुंद तटाच्या पोटात हवा पोचतच नाही. तिथे तो वर्षानुवर्षं लोण्यासारखा राहू शकतो. पाण्यातही घट्ट व्हायचं तर चुन्याला मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना लागते, तीही भाजलेली. म्हणून भाजलेल्या विटांची पूड, सुरखी, चुन्यात मिसळत. देशावर काळ्या मातीत सापडणारी चुनखडी भाजत, तिच्यात मातीचा अंश मुळातच असे. मिश्रण घाणीत दळत. दगडी वर्तुळाकार चर, त्यात फिरणारं जड दगडी चाक आणि ते ओढणारे बैल. राज्यातल्या कित्येक गडांवर ही चाकं आजही पडलेली दिसतात. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद यांचं पाणी घालण्याची चाल होती, आणि पुरातत्त्व खात्याच्या दुरुस्तीकामात ती आजही वापरली जाते. या पदार्थांबद्दल लोक फार बोलतात, घाणीबद्दल कमी. मला घाणी जास्त महत्त्वाची वाटते. नीट विरलेला, पुरेसा मुरवलेला आणि घोटून घोटून दळलेला चुनाच भिंत धरतो. अर्धवट विरलेली कळी आत राहिली तर ती पुढे कधी तरी फुलते आणि गिलाव्याला फुटकुळ्या आणते, मग गूळ कितीही घातलेला असो.

चुनखडक पारखण्याची आधुनिक शास्त्रीय सुरुवातही समुद्रातल्या बांधकामातूनच झाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून दूर, लाटांत बुडणाऱ्या एडिस्टोन खडकावर जॉन स्मीटन यांनी १७५६ ते १७५९ मध्ये दीपगृह बांधलं. पाण्याखाली कुठला चुना टिकेल हे ठरवण्यासाठी त्यांनी वेगवेगळे चुनखडक आम्लात विरघळवून पाहिले. ज्यांच्या तळाशी चिकणमातीचा गाळ उरला, त्यांचाच चुना पाण्यात घट्ट होत होता. शुद्धता म्हणजे गुण नव्हे, हे तिथे सिद्ध झालं. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल. आज भारतीय मानक आयएस ७१२ बांधकामाच्या चुन्याचे ए ते एफ असे वर्ग करतं, त्यात पहिला वर्ग पाण्यात उत्तम घट्ट होणाऱ्या चुन्याचा आहे आणि शुद्ध चुना तिसऱ्या वर्गात येतो.

रायगड जिल्ह्याला मात्र या विषयाचं सगळ्यात बोलकं प्रात्यक्षिक मुरुडच्या समुद्रात मिळालं आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. त्याच्या रसदीत दिरंगाई करणाऱ्या सुभेदार जिवाजी विनायक यांना महाराजांनी १६७५ साली लिहिलेलं कडक पत्र प्रसिद्ध आहे. गडाच्या तटाशी उभं राहिलं की पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. दगड आत गेले आहेत आणि चुना बाहेर राहिला आहे. प्रत्येक दगड मधोमध खोलगट झालेला, कित्येक ठिकाणी बोटं पूर्ण आत जातील इतका, आणि त्याच्या चारी बाजूंनी दरजांमधला चुना मधमाशांच्या पोळ्याच्या भिंतींसारखा कडेनं ताठ उभा. हात फिरवला तर चुन्याच्या कडा खरखरीत, टणक लागतात आणि दगडाचा पृष्ठभाग किरकिरीत. साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी काळा पाषाण खाल्ला, चुना खाल्ला नाही.

पद्मदुर्गाचं हे दृश्य पाहून सगळे त्या गवंड्यांचं कौतुक करतात आणि ते करायलाच हवं. खाऱ्या पाण्यात, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून, शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात इतका घट्ट चुना भरणं हे थोर काम होतं. पण इमारतीच्या आरोग्याच्या दृष्टीनं या दृश्याचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. भिंत भिजते आणि वाळते. वाळताना पाणी जिथून सोपं पडेल तिथून बाहेर पडतं आणि मीठ तिथेच ठेवून जातं. चुना दगडापेक्षा जास्त सच्छिद्र असेल तर मीठ चुन्यात साठतं, चुना झिजतो आणि दर काही वर्षांनी दरजा भरून भिंत पुन्हा नवी करता येते. चुना दगडापेक्षा घट्ट असेल तर पाणी दगडातून बाहेर पडतं आणि झीज दगडाच्या वाट्याला येते. पद्मदुर्गावर असंच झालं असावं, असा माझा तर्क आहे, कारण तिथल्या दगडाची झीज नेमकी त्याच रीतीची दिसते. जगभर जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारे लोक म्हणूनच एक नियम पाळतात, की सांधणारं द्रव्य दगडाहून नरम असावं. दरज पुन्हा भरता येते, दगड पुन्हा आणता येत नाही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यानं तर चुन्याला फाटाच दिला. १६८० मध्ये काम सुरू झालेल्या या किल्ल्याचे मोठमोठे दगड चुन्यावाचून, नुसते एकमेकांवर रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, जोर विखुरतो आणि पाणी परत निघून जातं. शेजारच्या दोन सागरी दुर्गांत एकाच काळात दोन अगदी वेगळी उत्तरं निघाली आणि दोन्ही आज उभी आहेत.

आता पेण तालुक्यात परत येऊ. वडखळजवळच्या डोलवीत आज मोठा पोलाद कारखाना आहे. १९९०च्या दशकात इस्पात कंपनीनं उभारलेला हा प्रकल्प २०१० मध्ये जेएसडब्ल्यूनं ताब्यात घेतला आणि पुढे त्याची क्षमता वर्षाला एक कोटी टनांपर्यंत नेली. धरमतरच्या खाडीतून इथे कच्चा माल उतरतो, त्यात चुनखडकही असतो. पोलादाला लागणारा चुनखडक फार निवडक, सिलिका अगदी कमी असलेला हवा. जैसलमेरजवळच्या सानूच्या खाणी अशा मालासाठी ओळखल्या जातात. झोतभट्टीत चुनखडकाचं काम लोखंडातली घाण पकडण्याचं. तो भाजतो, त्याचा चुना खनिजातल्या सिलिकेला धरतो आणि वितळलेली मळी, म्हणजे स्लॅग, लोखंडावर तरंगू लागते. एक टन लोखंडामागे ती साधारण ३०० ते ४०० किलो निघते. तिच्यावर एकदम पाण्याचा मारा केला की वाळूसारखे काचेरी कण होतात. ते बारीक दळून सिमेंटात मिसळले की स्लॅग सिमेंट तयार होतं. डोलवीला पोलादाच्या शेजारीच सिमेंटचाही कारखाना आहे तो यामुळे.

खारेपाटात घर बांधणाऱ्यांनी या सिमेंटकडे नीट लक्ष द्यावं. आयएस ४५५ नुसार त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग असू शकतं. समुद्राच्या क्षारांना ते साध्या सिमेंटपेक्षा चांगलं तोंड देतं, सळ्यांपर्यंत मीठ पोचायला वेळ लावतं. शिवाय चुनखडक नव्यानं भाजावा लागत नसल्यानं हवेत कार्बन डायऑक्साइडही कमी जातो. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. त्याची ताकद सुरुवातीला सावकाश येते, म्हणून पाणी जास्त दिवस मारावं आणि सेंट्रिंग घाईनं काढू नये. आणि सिमेंट कुठलंही असो, न धुतलेली खाडीची रेती वापरली तर सगळं मुसळ केरात. ज्या मिठापासून घर वाचवायचं, तेच आपण पिशव्या भरून आत घालतो.

म्हणजे नवं बांधकाम असेल तर स्लॅग सिमेंट, फरशीला पाणी न पिणारा कोटा किंवा निवडक शहाबादी आणि तिच्याखाली ओल अडवणारा थर. बाहेरच्या नक्षीला सच्छिद्र चुनखडक नको. इथवर फारसा वाद होणार नाही.

जुन्या बांधकामाच्या बाबतीत मात्र पेण आणि रोह्याच्या गावांत रोज नुकसान होत आहे, आणि ते सगळ्यात चांगल्या हेतूनं होत आहे. गावदेवीचं देऊळ, तळ्याचा घाट, वाड्याचं जोतं, ही सगळी चुन्यात बांधलेली. भिंतीला लोणा लागला की मंडळ वर्गणी काढतं, जुना गिलावा उकरून सिमेंटचा चढवतं आणि वर ऑइलपेंट मारतं. दोन वर्षं देऊळ झळकतं. आत मात्र जमिनीतून चढणारं पाणी अडकतं, कारण सिमेंट चुन्याइतकं श्वास घेऊ देत नाही. मग मीठ सिमेंटच्या मागे, जुन्या दगडाच्या आणि विटांच्या अंगात साठतं. पद्मदुर्गावर जे व्हायला शतकं लागली, ते इथे काही पावसाळ्यांत होतं. पुढच्या दुरुस्तीला सिमेंटबरोबर दगडाचे टवकेही निघून येतात.

जुनी भिंत कशात बांधली आहे हे ओळखणं अवघड नाही. आम्लाच्या थेंबावर भरवसा ठेवू नका, कारण जुन्या सिमेंटवरही फेस येतो. दरजेतला सुपारीएवढा तुकडा काढा. नखानं किंवा खिळ्यानं ओरखडला जात असेल, त्यात चुन्याचे पांढरे खडे, विटेचे लालसर कण किंवा शिंपल्यांचे तुकडे दिसत असतील, तर तो चुना आहे. गर्द करडा, खिळ्याला दाद न देणारा असेल तर सिमेंट.

पेण-रोह्यातल्या देवस्थानांच्या विश्वस्तांना, सरपंचांना आणि घरचा जुना वाडा सांभाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जीर्णोद्धाराचा ठराव करण्याआधी हा तुकडा काढून बघा. चुना निघाला तर ठेकेदाराच्या करारात स्पष्ट लिहून घ्या, की जुन्या दरजा आणि गिलावा चुन्यातच होतील, सिमेंटचा हात लागणार नाही आणि जोत्याभोवतीचं पाणी आधी वळवलं जाईल. चुन्याचं काम करणारे गवंडी शोधायला वेळ लागेल आणि चुना मुरवायला त्याहून जास्त. तेवढा वेळ द्या. नाही जमलं तर निदान एक पावसाळा थांबा, पण सिमेंट लावू नका.